अडतीस वर्षं एकाच खुर्चीत

निवृत्त झालो त्या दिवशी साहेबांनी भाषणात माझी अडतीस वर्षांची सेवा चाळीस केली आणि आडनाव चुकवलं. शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ घेऊन घरी आलो. ज्याला आता कुठेच वेळेवर पोचायचं नाही त्याला घड्याळ का देतात, हे कोडं काही सुटेना. घड्याळ खोक्यातच राहिलं.

पुढे मेलबर्नला मुलाकडे गेलो. तिथला फुटबॉल म्हणजे अजब प्रकार. चेंडू लांबट, मैदान क्रिकेटचं, एकेका बाजूला अठरा गडी आणि दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोहोंतून चेंडू मारला की सहा गुण. नेम चुकून बाजूने गेला तरी एक! आमच्या गणिताच्या मास्तरांना हे ठाऊक असतं, तर मी मॅट्रिकला एका फटक्यात सुटलो असतो.

"आजोबा, तुम्ही आमच्या जॉकसारखे," नातू म्हणाला.

हा जॉक मॅकहेल. कॉलिंगवूडकडून १९०३ पासून २६१ सामने खेळला; त्यांतले १९१ ओळीने, एकही रजा न टाकता. १९१२ ते १९४९ प्रशिक्षक. म्हणजे अडतीस हंगाम! सामने ७१४, विजेतेपदं आठ. त्यांतली चार लागोपाठ. पोटासाठी नोकरी बिअरच्या कारखान्यात. मी सुखावलो.

पण १९३० च्या अंतिम सामन्याला स्वारी आजारी पडून घरी. आणि संघ जिंकला!

इथे मी गंभीर झालो. एका मार्चअखेरीला मला कावीळ झाली होती आणि त्याच वर्षी ऑफिसचे हिशेब पहिल्या झटक्यात जुळले होते. हे मी हिला अजून सांगितलेलं नाही.

१९५३ साली कॉलिंगवूड पुन्हा जिंकलं. तेव्हा जॉकच्या खुर्चीत फॉन्स काइन होता. त्यानंतर आठच दिवसांनी जॉक गेला.

मार्चअखेर होती. न राहवून ऑफिसात फोन लावला.

"काय रे, हिशेब जुळले का?"

"परवाच जुळले, साहेब!"

खरं सांगतो, आधी जरा दुखलंच. मग आठवलं, काइन जॉकच्याच हाताखाली खेळलेला. आणि हा पोरगाही आठ वर्षं माझ्याच शेजारी बसून बेरजा चुकायला आणि सुधारायला शिकला होता. बाजूने गेलेल्या चेंडूचा एक गुण आपल्यालाही मिळाला म्हणायचा!

परत गेल्यावर ते घड्याळ भिंतीवर लावणार आहे.