रक्त काढणारे हात कसे तयार होतात?

"नवीन मुलगी नको, नेहमीच्या सरांनाच बोलवा." आमच्या लॅबमध्ये हे वाक्य आठवड्यातून दोनदा तरी कानावर येतं. बोलणाऱ्याचा राग येत नाही, कारण सुई त्याच्या हातात जाणार असते. पण नेहमीचे सरही कधीतरी नवीनच होते. मी पॅथॉलॉजिस्ट आहे. डीएमएलटी करणारी मुलं-मुली शिकाऊ म्हणून माझ्याकडे येतात आणि त्यांचं शिकणं मी बरीच वर्षं जवळून पाहतो आहे.

पहिले काही दिवस त्यांच्या हातात सुई नसतेच. आधी नाव विचारायला शिकायचं. "तुम्ही पाटीलकाका ना?" असं विचारायचं नाही. घाबरलेला किंवा कमी ऐकू येणारा माणूस कशालाही मान डोलावतो. "तुमचं पूर्ण नाव आणि वय सांगा" असं विचारायचं, कागदाशी ताडून बघायचं आणि रक्त घेतल्यावर रुग्ण समोर असतानाच नळीवर नाव घालायचं. हा शिष्टाचार नाही. रक्तगटाच्या नळीवर दुसऱ्याचं नाव गेलं, तर चुकीच्या गटाचं रक्त चढून जीव जाऊ शकतो.

मग येतो रबराचा हात. शीर डोळ्यांपेक्षा बोटांनी शोधायची असते. दाबल्यावर ती स्प्रिंगसारखी वर येते. कोपराच्या खोबणीत मधोमध असलेली शीर सर्वांत सोयीची. आतल्या बाजूच्या शिरेजवळून धमनी आणि मज्जातंतू जातात, म्हणून ती शेवटचा पर्याय. पट्टा कोपराच्या साधारण चार बोटं वर बांधायचा, पण एका मिनिटापेक्षा जास्त वेळ ठेवायचा नाही. स्पिरीट पूर्ण वाळू द्यायचं. ओल्यावर टोचलं तर चुरचुरतं आणि जंतूही नीट मरत नाहीत.

नळ्यांच्या झाकणांचे रंगही शोभेचे नसतात. जांभळ्या झाकणाच्या नळीत ईडीटीए नावाचं रसायन असतं, बहुधा पोटॅशियमच्या क्षाराच्या रूपात. त्याचा अंश दुसऱ्या नळीत गेला तर पोटॅशियम खोटं वाढलेलं आणि कॅल्शियम खोटं कमी झालेलं दिसतं. म्हणून नळ्या ठरलेल्या क्रमानेच भरायच्या. सिरिंजमधलं रक्त सुईतून जोरात ढकललं तर तांबड्या पेशी फुटतात आणि त्यातलं पोटॅशियम बाहेर येतं. मशीन कितीही महागडं असलं तरी त्याला हे सगळं कळतंच असं नाही. ते समोर आलेल्या रक्ताचा आकडा देतं, आणि त्या आकड्यावर तुमची औषधं बदलतात.

हे सगळं काही महिन्यांत जमतं. सर्वांत अवघड धडा मात्र वेगळाच आहे. तो म्हणजे थांबणं.

गेल्या वर्षी आमच्याकडे शिकणाऱ्या एका मुलीसमोर केमोथेरपी घेणाऱ्या एक बाई आल्या. अशा उपचारात शिरा कडक आणि बारीक होतात. मुलीने एकदा प्रयत्न केला, दुसऱ्यांदा केला आणि सुई बाजूला ठेवून म्हणाली, "मावशी, मला शीर मिळत नाहीये. मी आमच्या ताईंना बोलावते." सोबतचा मुलगा भडकला, "शिकायला माझीच आई सापडली का?" मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. मावशीच मुलाला म्हणाल्या, "तिनं निदान सांगितलं तरी. नुसतं आतल्या आत खुपसत नाही बसली." आमच्या ताईंनी मग मनगटाच्या मागच्या शिरेतून बारीक सुईने रक्त घेतलं.

त्या मुलाची चिडचिड मला समजते. आईला होणारा त्रास बघवत नव्हता. पण त्या मुलीने त्या दिवशी जे केलं, ते आम्ही शिकवतो त्यातलं सर्वांत मोलाचं होतं. "मला मिळत नाही" म्हणायची ज्याला भीती वाटते, तो सुई आत फिरवत राहतो. त्यातून रक्त साकळतं, हात काळानिळा होतो, क्वचित मज्जातंतूला इजा होते. दोन प्रयत्नांनंतर दुसऱ्याला बोलावणं हा आमच्याकडे नियम आहे, कमीपणा नाही. आणि तो नियम नवशिक्याच्या अंगवळणी पडेल की नाही, हे थोडं रुग्णांच्या बोलण्यावरही ठरतं.

तुम्हीही काही गोष्टी जरूर करा:

• उपाशीपोटी तपासणी असली तरी डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर साधं पाणी प्या. शीर मिळायला मदत होते.
• मूठ हलकी मिटा, सारखी उघडझाप करू नका. त्यानेही पोटॅशियम खोटं वाढतं.
• डायलिसिससाठी फिस्टुला केलेला हात किंवा स्तनाच्या शस्त्रक्रियेची बाजू आधीच सांगा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तेही सांगा.
• पूर्वी चक्कर आली असेल तर लाजू नका. झोपवून रक्त घेता येतं.
• नंतर हात दुमडू नका. सरळ ठेवून कापूस पाच मिनिटं दाबून धरा, चोळू नका.
• सुई नवीन आहे का, नळीवर नाव घातलं का, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. चांगला शिकलेला तंत्रज्ञ त्यावर रागावत नाही.

आणि कुणी नम्रपणे "मला जमत नाही, दुसऱ्यांना बोलावतो" म्हणालं, तर त्याला "बरं केलंस" एवढंच म्हणा. पुढच्या रुग्णासाठीही ते उपयोगी पडेल.