बंदुकीच्या टोकाचा नारिंगी रंग

मी एकतीस वर्षे गाड्यांना रंग मारला. यवतमाळच्या एका गॅरेजात पोरगा म्हणून लागलो, पत्रा घासण्यापासून सुरुवात झाली आणि बऱ्याच वर्षांनी स्प्रे गन हातात आली. ट्रक, जीप, ट्रॅक्टरची बोनेटे, आहेरातली लोखंडी कपाटे, सगळे केले. बंदूक मात्र कधी रंगवली नव्हती. ती दिवाळीनंतर नातवाने रंगवायला लावली.

खरी बंदूक नव्हे, घाबरू नका. तिला एअरसॉफ्ट म्हणतात. जपानमध्ये बंदूक बाळगण्याचे कायदे फार कडक, म्हणून तिथल्या हौशी लोकांसाठी १९७० च्या दशकात हा प्रकार निघाला. आत स्प्रिंग किंवा गॅस, आणि सहा मिलिमीटरची प्लॅस्टिकची गोळी. दिसायला मात्र हुबेहूब पिस्तूल. नातू अकरावीला आहे. वॉर्डातली पोरे मिळून मोबाईलवर छोटे सिनेमे काढतात, त्यासाठी त्याने ती कुणाची तरी जुनी आणली. पावसाळ्यात ओलीला पडली असावी. धातूवर पांढरी भुकटी चढली होती आणि रंगाचे पापुद्रे सुटले होते.

"आबाजी, मले पुरी काळी करून द्या. हे समोरचं नारिंगी बी झाकून टाका."

"काळी करून देतो. नारिंगी राहीन."

"काहून?"

"आधी कामाले लाग. मंग सांगतो."

रंगकामात पहिली गोष्ट म्हणजे हातात कोणता धातू आहे ते ओळखणे. लोहचुंबक लावून पाहिले, चिकटला नाही. म्हणजे लोखंड नाही. पांढरी भुकटी जस्ताची खूण. अशा खेळण्यांची बॉडी बहुधा जस्ताच्या मिश्रधातूची ओतीव असते. आता जस्तावर साधा ऑइल पेंट टिकत नाही. त्या रंगातले तेल आणि जस्त यांची हळूहळू प्रक्रिया होऊन मध्ये साबणासारखा थर तयार होतो आणि वरचा रंग सुटतो. आपल्या भागात घरोघर कूलर आहेत. दर उन्हाळ्यात बाया-माणसे कूलरच्या पत्र्याला हौसेने रंग मारतात आणि पुढच्या वर्षी तो सालपटासारखा निघतो. लोक रंगवाल्या दुकानदाराला शिव्या देतात. पण तो पत्रा जस्त चढवलेला असतो, दोष तिथे आहे. जस्ताला किंवा ॲल्युमिनियमला चालणारा एच प्रायमर वेगळा मिळतो. दुकानात जाऊन "प्रायमर द्या" एवढेच म्हणू नका, धातूचे नाव सांगा.

नातवाने बंदूक खोलली. स्क्रू आणि स्प्रिंगा ज्या क्रमाने निघतील त्या क्रमाने कागदावर मांडायला लावल्या, नाहीतर जोडताना डोके फिरते. रंग फक्त बाहेरच्या भागाला. आतली नळी, घोड्याची खीळ आणि जिथे धातूवर धातू सरकतो त्या जागा चिकटपट्टी लावून झाकल्या. रंगाचा थर कागदाएवढा का असेना, तेवढ्यानेही सरकणारा भाग अडतो.

मग घासाई. पोरांना याचाच कंटाळा. रंग मारायला दहा मिनिटे आणि घासायला दोन तास, हे त्यांना पटत नाही. तीनशेवीस नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून जुना रंग आणि भुकटी काढली, मग सहाशेने पृष्ठभाग एकसारखा केला. पाणी लावून घासायचे याला कारण आहे. जुन्या रंगात शिसे असू शकते आणि कोरडे घासले की ते धुळीतून पोटात जाते. घरगुती रंगात शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त नको, असा नियम आपल्या देशात २०१६ साली झाला आणि २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. त्याआधीच्या डब्यात काय होते ते कोण पाहणार? घरात रांगते लेकरू असेल तर घासाईचे पाणी अंगणात ओतू नये. घासल्यावर साबणाने धुतले, वाळवले, थिनरच्या फडक्याने पुसले. त्यानंतर उघड्या बोटांनी शिवायचे नाही. बोटाचे तेल लागले तिथे रंग धरत नाही.

सून म्हणाली, "स्वयंपाकखोलीत करा नं, तिथं वारा नाही लागत." तिला मी साफ नाही म्हटले. स्प्रेच्या डब्यात रंग ढकलणारा वायू बहुतेक वेळा स्वयंपाकाच्या गॅसच्याच जातीचा असतो. तो बंद खोलीत साचला आणि कुणी शेगडी पेटवली तर रंगकाम राहील बाजूला. आम्ही गच्चीवर गेलो, सकाळी नऊच्या सुमारास. हे दिवस चांगले. आपल्याकडच्या मे महिन्यात दुपारी रंगाचा थेंब हवेतच वाळतो आणि धातूवर खरखरीत भुकटी बसते. पावसाळ्यात दमटपणाने रंगावर पांढरट धुके येते.

तोंडाला काय बांधायचे यावर नातवाशी वाद झाला. त्याने रुमाल काढला. रुमाल धूळ थोडी अडवतो, थिनरची वाफ अडवत नाही. आम्ही गॅरेजात दुपट्टाच बांधायचो. मास्क मागितला तर मालक म्हणायचा, दूध पी, गूळ खा. माझ्याबरोबर लागलेल्यांपैकी दोघे पन्नाशीच्या आतच दम लागून घरी बसले. मी स्वतः गच्चीवर चढताना मध्ये एकदा थांबतो. म्हणून नातवासाठी कोळशाच्या डब्यांचा मास्क मागवला. तो बंदुकीपेक्षा महाग पडला, पडू दे.

डबा दोन मिनिटे हलवला, आतली गोळी खुळखुळेपर्यंत आणि त्यानंतरही. वीतभर अंतर ठेवायचे. फवारा भागाच्या बाहेर सुरू करायचा आणि बाहेरच थांबवायचा, हात मध्येच थांबला की ओघळ आलाच. प्रायमरचा एक पातळ हात, तो वाळला की काळ्याचे तीन पातळ हात, मध्ये दहा-पंधरा मिनिटे. पहिल्या हातात धातू दिसतच राहतो. पोरगा घाईने जाड मारायला जातो तो इथेच. माझा नातू दुसऱ्या भागापासून बरोबर मारू लागला. त्याचे मनगट चांगले आहे, हे मी आजोबा म्हणून नाही, कारागीर म्हणून सांगतो.

वाळेपर्यंत बसलो होतो, तेव्हा त्याला नारिंगीचे कारण सांगितले. अमेरिकेत १९८८ साली कायदा झाला आणि खेळण्यातल्या बंदुकीच्या टोकाला नारिंगी खूण सक्तीची झाली. हे खेळणे आहे, हे लांबून कळावे म्हणून. क्लीव्हलँड शहरात २२ नोव्हेंबर २०१४ रोजी टॅमिर राइस नावाचा काळा मुलगा बागेत अशीच एअरसॉफ्ट बंदूक घेऊन खेळत होता. तिचे नारिंगी टोक निघालेले होते. कुणीतरी पोलिसांना फोन केला. बंदूक बहुतेक खोटी असावी, असेही फोनवर सांगितले होते, पण ते गाडीतल्या शिपायांपर्यंत पोचलेच नाही. गाडी येऊन थांबली आणि दोन सेकंदांत गोळी सुटली. दुसऱ्या दिवशी मुलगा गेला. शिपायांवर खटला चाललाच नाही. पुढे २०१६ मध्ये शहराने कुटुंबाला साठ लाख डॉलर देण्याचे मान्य केले.

"किती वर्साचा होता?" नातवाने विचारले.

"बारा."

तो काही बोलला नाही. बाबासाहेबांनी १९४६ साली डु बॉइस यांना पत्र लिहून अस्पृश्य आणि अमेरिकेतले निग्रो यांच्या स्थितीतले साम्य सांगितले होते, हे त्याला माहीत आहे, बुद्धविहारातल्या वाचनवर्गात ऐकले आहे. मी एवढेच म्हटले, की हातात काय आहे यापेक्षा ते कोणाच्या हातात आहे हे लोक आधी पाहतात. रात्री वॉर्डातून काळी बंदूक घेऊन जाणारा कॉलनीतला पोरगा आणि आपला पोरगा, दोघांकडे एकाच नजरेने पाहिले जाईल, असे मी छातीठोक सांगू शकत नाही. कायदा काय म्हणतो ते नंतर वकील सांगेल.

"पण आबाजी, सिनेमात नारिंगी दिसते नं."

हा प्रश्न रास्त होता. त्यावर तोड काढली. चित्रीकरणापुरती टोकावर काळ्या कागदाची टोपी बसवायची, काम झाले की काढायची. बंदूक पिशवीतूनच न्यायची-आणायची. चित्रीकरण शाळेच्या आवारात, परवानगी घेऊन. टोकाची जुनी नारिंगी फिकी पडली होती, तिच्यावर मीच ताज्या रंगाचा हात मारला, चांगला भडक.

उरलेला डबा सावलीत ठेवला आहे. पन्नास अंशांच्या वर तापू देऊ नका, असे त्यावर लिहिलेले असते. आपल्याकडे उन्हातल्या पत्र्याखाली तेवढे सहज होते, म्हणून ही ताकीद हसण्यावारी नेऊ नये. आता नातवाने घरच्या कूलरचे काम अंगावर घेतले आहे. स्टँड लोखंडी अँगलचे आहे, त्याला रेड ऑक्साईड चालेल. पत्र्यासाठी तो लोहचुंबक घेऊन आला होता. तिथे चुंबक चिकटणारच, कारण जस्ताच्या खाली लोखंड आहे. मग पत्र्यावरची नक्षीदार चांदी दाखवून त्याला समजावून सांगावे लागले.