सांदकफूच्या वाटेवरच्या म्हाताऱ्या गाड्या

पहाटेचे पाच वाजले आहेत. धुक्यात बुडालेल्या रस्त्याकडेला चार-पाच जुनाट गाड्या रांगेत उभ्या आहेत. एकीच्या रेडिएटरमध्ये चालक किटलीतले गरम पाणी ओततो आहे. दुसरीच्या बॉनेटमध्ये कुणीतरी टॉर्च तोंडात धरून कंबरेपर्यंत वाकले आहे. तिसरी स्टार्टरला दाद देत नाही, म्हणून दोघेजण तिला उताराकडे ढकलत आहेत. दोन आचके, एक खोकला, काळ्या धुराचा लोट, आणि गाडी सुरू! सीमेवरच्या मानेभंज्यांग या गावाची सकाळ बऱ्याचदा अशी, कोंबड्याच्या आरवण्याआधी गाड्यांच्या खोकण्याने उजाडते.

मानेभंज्यांग हे पश्चिम बंगालमधल्या दार्जिलिंगपासून 26 किलोमीटरवरचे, सुमारे 2,000 मीटर उंचीवरचे छोटेसे गाव. 'माने' म्हणजे बौद्धांचा स्तूप आणि 'भंज्यांग' म्हणजे डोंगरातली खिंड. गावाला लागूनच भारत आणि नेपाळ यांची सीमारेषा जाते. एका दुकानातून चहा घेऊन समोरच्या दुकानात बिस्किटे घ्यायला जावे, तर देश बदललेला असतो! येथून सिंगालीला पर्वतरांगेच्या कण्यावरून एक वाट वर चढते. 31 किलोमीटरनंतर ती सांदकफूला पोहोचते. 3,636 मीटर उंचीचे सांदकफू हे पश्चिम बंगालचे सर्वांत उंच ठिकाण. या वाटेवर वर्षानुवर्षे माणसे, तांदळाची पोती, गॅसची सिलिंडरे, सिमेंट आणि वेळप्रसंगी आजारी माणसेही वाहून नेली ती या म्हाताऱ्या गाड्यांनीच. त्यांचे नाव लँड रोव्हर. यातल्या कित्येक 1950 च्या दशकात इंग्लंडमध्ये तयार झालेल्या आहेत.

शेतासाठी जन्मलेली गाडी

लँड रोव्हरचा जन्मच मुळी एका जुन्या गाडीच्या डोकेदुखीतून झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडमधल्या रोव्हर कंपनीचे मुख्य अभियंता मॉरिस विल्क्स आपल्या शेतावर लष्कराने विकून टाकलेली एक अमेरिकन जीप वापरत असत. गाडी कामाची, पण ती पार खिळखिळी झाली की तिच्या जागी काय आणायचे, हा प्रश्न होता. तेव्हा आपणच अशी गाडी का बनवू नये, असे विल्क्स बंधूंनी ठरवले. 1947 साली पहिला नमुना तयार झाला, तोही जीपच्याच चेसिसवर. 30 एप्रिल 1948 रोजी ॲमस्टरडॅमच्या मोटार प्रदर्शनात लँड रोव्हर जगासमोर आली.

युद्धानंतर पोलादाची टंचाई होती, म्हणून गाडीच्या अंगाचा बराचसा पत्रा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा केला गेला. महागडे साचे करण्याइतका पैसा नव्हता, म्हणून पत्रे सपाट आणि कोपरे सरळ ठेवले गेले. काटकसरीपोटी केलेल्या या दोन गोष्टींनीच पुढे या गाड्यांना दीर्घायुष्य दिले. दार्जिलिंगच्या पावसाळी, दमट हवेत ॲल्युमिनियमला गंज चढत नाही आणि चेपलेला सपाट पत्रा गावातला कारागीरही हातोडीने सरळ करू शकतो.

या गाड्या हिमालयात आणल्या त्या मुख्यतः चहाच्या मळ्यांच्या इंग्रज मालकांनी आणि व्यवस्थापकांनी. मळ्यांचे उभे चढ आणि चिखल यांसाठी चारही चाकांनी ओढणारी गाडी हवीच होती. पुढे साहेब मायदेशी परतले, गाड्या मात्र मागे राहिल्या. त्या हस्ते-परहस्ते स्थानिक कुटुंबांकडे आल्या. साहेबांची हौस म्हणून आलेली गाडी एका घराची भाकरी झाली.

चढणीची परीक्षा

गाव सोडल्याबरोबर चित्रेपर्यंतचा चढ लागतो. वळणे अशी अंगावर येतात, की नवखा प्रवासी समोरची दांडी घट्ट धरून डोळे मिटून घेतो. चालक मात्र शांत असतो. लाल मुठीचा दांडा ओढून तो गाडी हलक्या गतीच्या गिअरवर घेतो, त्यासरशी पुढची चाकेही जोडली जातात आणि गाडी माणसाच्या चालीने दगडांवर चढू लागते. मेघमा, तुमलिंग, मग गैरीबासपर्यंत उतार, पुन्हा कैयाकट्टा, काळ्याशार पाण्याचे पवित्र तळे असलेले कालीपोखरी, आणि शेवटी विखेभंज्यांगहून सांदकफूचा छातीवर येणारा चढ. वाट कधी भारतात, तर कधी नेपाळात शिरते. दोन्ही बाजूंना बांबूची बेटे आणि गुरांसची झाडे. एप्रिल-मे महिन्यांत गुरांस फुलतो तेव्हा सारा डोंगर लाल-गुलाबी होतो. याच सिंगालीला राष्ट्रीय उद्यानात दुर्मिळ लाल पांडाही राहतो.

जुना रस्ता म्हणजे नुसते धोंडे अंथरलेली वाट. या 31 किलोमीटरला तीन ते चार तास सहज लागत. चढावर इंजिन तापते, उतारावर ब्रेक तापतात. सांदकफूला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे दोन तृतीयांशच असतो. माणसाला जसा दम लागतो, तसाच जुन्या पेट्रोल इंजिनालाही लागतो. प्राणवायू कमी पडला की कार्बोरेटरमधले मिश्रण बिघडते, इंजिनाची ताकद घटते आणि ऐन वळणावर गाडी मान टाकते. मग मागे बसलेला मदतनीस उडी मारून चाकामागे दगड लावतो. सगळे उतरतात, चहाच्या थर्मासची झाकणे उघडतात. चालक बाह्या सरसावून बॉनेट उघडतो.

डोकेदुखीची न संपणारी यादी

जुने ते सोने, असे म्हणतात. पण जुन्या गाडीचे सोने रोज घासावे लागते. अंगाचा पत्रा गंजत नसला, तरी खालची चेसिस पोलादाचीच आहे. तिच्या पोकळ पट्ट्यांत चिखल आणि पाणी साचून ती आतून सडते. बाहेरून रंग चकचकीत आणि आत पोखरलेली चेसिस, हे जुन्या लँड रोव्हरचे ठरलेले दुखणे. मग सडलेला तुकडा कापून नवी पट्टी वेल्डिंगने जोडायची. ॲल्युमिनियम आणि पोलाद जिथे एकमेकांना चिकटतात, तिथे ओल लागली की ॲल्युमिनियमचीही पांढरी पूड होऊ लागते.

दुसरे दुखणे मागच्या ॲक्सलमधल्या हाफ शाफ्टचे. पूर्ण भरलेली गाडी दगडात अडकली आणि चालकाने क्लच जरा झटक्यात सोडला, की शाफ्टचे दोन तुकडे! म्हणून जाणता चालक एक जास्तीचा शाफ्ट गाडीतच ठेवतो. पाटे तुटणे, ब्रेकचे लायनर झिजणे, बेअरिंगला आवाज येणे या तर रोजच्या गोष्टी. त्यात मापांचा घोळ. जुने नट-बोल्ट ब्रिटिश मापाचे. आजचे मिलिमीटरचे पाने त्यांना नीट बसत नाहीत आणि जबरदस्ती केली की बोल्टचे डोके गोल होऊन बसते.

सगळ्यांत मोठा प्रश्न सुट्या भागांचा. या पिढीतल्या लँड रोव्हर इंग्लंडमध्ये बनायच्या बंद होऊन कित्येक दशके लोटली. 2008 साली टाटा मोटर्सने जग्वार लँड रोव्हर ही कंपनी विकत घेतली आणि 2011 पासून या नावाच्या गाड्यांची जुळणी पुण्यातही होऊ लागली. पण त्या आलिशान गाड्यांचे भाग या म्हाताऱ्यांच्या काय कामाचे? भाग मिळतात ते मोडीत निघालेल्या दुसऱ्या लँड रोव्हरमधून किंवा लेथवर घडवून. म्हणून इथे कुणाची गाडी कायमची बसली, तरी ती लगेच भंगारवाल्याकडे जात नाही. तिचा गिअरबॉक्स एकीला, दरवाजा दुसरीला, दिवे तिसरीला, अशी ती मरूनही चालत राहते.

मूळ इंजिने थकली, तेव्हा अनेक मालकांनी त्यांच्या जागी भारतीय जीपगाड्यांची डिझेल इंजिने बसवली. ऐकायला सोपे वाटते, पण इंजिन बदलणे म्हणजे केवळ चार बोल्ट खोलणे नव्हे. नवे इंजिन जुन्या गिअरबॉक्सला जोडण्यासाठी मधली जाड प्लेट घडवावी लागते, आधाराचे कंस बदलावे लागतात, वजन वाढले म्हणून पुढचे पाटे कडक करावे लागतात. त्याच्या बदल्यात मिळतो तो भरवसा. या इंजिनाचा फिल्टर, नोझल किंवा पंप सिलिगुडीच्या बाजारात मिळतो. थंडीत डिझेल घट्ट होते, हा नवा ताप मागे लागतो तो वेगळाच!

गुरुजींची शाळा

नेपाळी भाषेत चालकाला आदराने 'गुरुजी' म्हणतात. या वाटेवर तो शब्द अगदी शोभून दिसतो, कारण येथे गाडी चालवणारा आणि दुरुस्त करणारा एकच असतो. वाटेत गॅरेज नाही, मोबाइलला सगळीकडे रेंज नाही. त्यामुळे सीटखाली पाने, जॅक, तार, पकड, जुन्या ट्यूबच्या रबरी पट्ट्या, साबणाची वडी आणि दोरखंड हा संसार असतोच. साबण कशाला? पेट्रोलच्या टाकीला बारीक भोक पडले, तर ओला साबण दाबून ते तात्पुरते बुजवता येते.

विद्याही पुस्तकातली नाही. पोरगा आधी मदतनीस म्हणून मागे लटकतो, दगड लावतो, टायर बदलतो. मग कधीतरी गुरुजी त्याच्या हातात पाना देतात, आणि स्टिअरिंग सर्वांत शेवटी. इंजिनाच्या आवाजावरून काय बिघडले ते ओळखायला तो शिकतो. वाटेत एखादी गाडी बंद पडलेली दिसली, की मागून येणारी थांबते. आज त्याची पाळी, उद्या आपली. मालकांनी आपली संघटनाही केली आहे.

2018 साली लँड रोव्हरला 70 वर्षे झाली, तेव्हा कंपनीने मानेभंज्यांगच्या गाड्यांवर एक लघुपट काढला. जगभरच्या शौकिनांनी तो पाहिला. ज्या गाड्या परदेशात हौशी श्रीमंतांच्या तबेल्यात झाकून ठेवलेल्या असतात, त्या इथे पोती वाहताना पाहून अनेकांना नवल वाटले.

नवा रस्ता, नवे नियम

आता मात्र या वाटेचे रूप पालटत आहे. अलीकडच्या वर्षांत धोंड्यांच्या रस्त्याचा बराच भाग सिमेंट-काँक्रीटचा झाला. चढ तसेच आहेत, पण खडखडाट कमी झाला. त्यामुळे नव्या बोलेरो गाड्याही वर जाऊ लागल्या. त्यांना काचा आहेत, मऊ आसने आहेत आणि त्या सहसा बंद पडत नाहीत. वरच्या वस्तीतल्या बाईला रात्री-अपरात्री प्रसूतीसाठी खाली न्यायचे असेल, तर घरच्यांना कोणती गाडी हवीशी वाटेल, हे सांगायला नको. जुन्या गाडीचे कौतुक पाहुण्याने करावे. जिवावर बेतते तेव्हा गाववाल्याला वेळेवर पोहोचवणारी गाडी लागते, आणि त्यात काहीच गैर नाही.

दुसरीकडे कायद्याचा पेच आहे. 2021 च्या जुलैमध्ये केंद्र सरकारने 50 वर्षांहून जुन्या वाहनांसाठी 'व्हिंटेज' नोंदणीचे नियम काढले. पण त्यासाठी गाडी मूळ स्वरूपात जपलेली हवी आणि ती रोजच्या वापराला किंवा धंद्याला लावता येत नाही. ज्या गाडीचे इंजिन पोटासाठी बदलले आणि जी पोटासाठीच रोज धावते, तिला हा मान मिळायचा कसा? शोभेसाठी ठेवलेली म्हातारी वारसा ठरते आणि राबणारी म्हातारी केवळ जुने वाहन.

तरीही मानेभंज्यांगच्या मालकांना विचारले, तर ते गाडी विकण्याची गोष्ट सहसा काढत नाहीत. पर्यटकांना ही गाडीच पाहायची असते, हे एक कारण. दुसरे कारण अधिक खोल आहे. नवी गाडी क्वचित बिघडते. पण बिघडली, की तिच्यातला संगणक तपासायला शहरातले यंत्र लागते. लँड रोव्हर वारंवार बिघडते. पण बिघडली तिथेच, दगडावर बसून, दोन पाने आणि एका तारेच्या बळावर पुन्हा उठते. भरवशाची गाडी म्हणजे कधीच न बिघडणारी, ही शहराची व्याख्या. जिथे पुढचे गॅरेज दिवसाच्या अंतरावर आहे, तिथे आपल्या हाताने उभी करता येते तीच भरवशाची.

जायचे असेल तर

सांदकफूला जाण्यासाठी न्यू जलपाईगुडी हे रेल्वे स्थानक आणि बागडोगरा हा विमानतळ सोयीचा. मुंबईहून ईशान्येकडे जाणाऱ्या काही गाड्या न्यू जलपाईगुडीला थांबतात. तेथून सुखियापोखरीमार्गे मानेभंज्यांग साधारण चार तासांवर आहे. पावसाळ्यात, जूनच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत राष्ट्रीय उद्यान बंद असते. स्वच्छ हवेसाठी ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि फुलांसाठी एप्रिल-मे उत्तम. ओळखपत्र जवळ ठेवावे. एका दिवसात थेट वर जाण्याऐवजी तुमलिंगला एक मुक्काम केला, तर विरळ हवेची सवय होते. लहान मुले, वृद्ध आणि हृदयविकाराचे रुग्ण यांनी आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. लँड रोव्हरने जाणाऱ्यांनी पाठीमागे घ्यायला एक उशी आणि मनात भरपूर सबुरी ठेवावी.

सांदकफूच्या माथ्यावर पहाटे उभे राहिले, की एव्हरेस्ट, ल्होत्से, मकालू आणि कांचनजंगा ही जगातल्या पाच सर्वोच्च शिखरांपैकी चार शिखरे एकाच वेळी दिसतात. कांचनजंगेची रांग तर निजलेल्या बुद्धासारखी भासते. सगळ्यांचे कॅमेरे तिकडे वळलेले असतात, तेव्हा मागे गुरुजी मात्र आपल्या गाडीभोवती फेरी मारत असतात. एका चाकाचा नट आवळतात, पाट्यांवर पायाने दाब देऊन पाहतात, तेलाची पट्टी पुसून पुन्हा बुडवतात. बर्फाची शिखरे उद्याही तिथेच असणार आहेत. गाडीचा मात्र त्यांना आजचा उतार पार पाडायचा असतो.