देराणी-जेठाणीचे गोखले

नगर जिल्ह्यातील एका बाजारपेठेच्या गावी तीन पिढ्या कापडाचा व्यवसाय करणाऱ्या एका कुटुंबाने गतवर्षी डिसेंबरमध्ये आपला स्नेहमेळा भरवला, तो आबूच्या पहाडावर. पूर्वज मारवाडातून आलेले, म्हणून नातवंडांनीच हे स्थळ सुचवले. पुणे, इचलकरंजी, सुरत, बंगळुरू येथून चौसष्ट जण जमले. सर्वांत वडील सत्त्याहत्तर वर्षांच्या मोठ्या काकी, तर सर्वांत लहान सात महिन्यांची त्यांची पणती.

उत्साह सर्वांनाच होता, पण एक धास्तीही होती. चौदा वर्षांपूर्वी पेढीची वाटणी झाली, तेव्हापासून मोठ्या आणि धाकट्या काकींत अबोला होता. संवत्सरीला दोन्ही घरांतून क्षमापनेची पत्रे गावोगावी जात. या दोन घरांमध्ये अंतर एका भिंतीचे, पण तेवढे एक पत्र मात्र कधी गेले नाही.

आबूरोड स्थानकाहून वर जाण्यास दोन बसगाड्या ठरल्या होत्या. गडबडीत सामानाची आणि माणसांची सरमिसळ झाली. मोठ्या काकी दुसऱ्या गाडीत बसल्या, त्यांचा डबा पहिल्या गाडीतून पुढे गेला. पहाडाचा रस्ता सुमारे २८ किलोमीटरचा. निम्म्या वाटेवर दुसऱ्या गाडीच्या इंजिनातून वाफ निघू लागली आणि ती थांबली. पाच वाजून गेले होते. डिसेंबरातील सूर्य डोंगराआड उतरू लागला होता.

मोठ्या काकींचा चाळीस वर्षांचा चौविहार कधी चुकला नव्हता. दुपारपासून पोटात अन्न नाही, मधुमेहाची गोळी उपाशीपोटी घेता येईना. त्या रस्त्याच्या कठड्यावर गप्प बसल्या होत्या. सुना घाबरल्या. तेवढ्यात धाकट्या काकी डबा घेऊन समोर आल्या.

“जाऊबाई, वेळ थोडाच उरला आहे. थेपले घरचे आहेत, पाणीही उकळलेले आहे.”

सारे श्वास रोखून पाहत होते. मोठ्या काकींनी डब्याकडे पाहिले आणि विचारले, “छुंदा आणला आहेस का?”

छुंदा होता. सूर्यास्तापूर्वी दोघींनी एकाच डब्यातून खाल्ले. पुढे मात्र कोणीच काही बोलले नाही.

रात्री धर्मशाळेत वेगळाच गोंधळ. खोल्यांच्या चाव्या अदलाबदल झाल्या, एका जावयांच्या पिशवीत भलत्याच कुटुंबाचे स्वेटर निघाले. सकाळी नक्की तलावाच्या काठी एका वानराने मुलांच्या हातची चिक्कीची पुडी पळवली आणि मुलांनी त्यालाच त्या दिवसाचा प्रमुख पाहुणा ठरवले.

दुपारी सर्वजण देलवाड्यास गेले. विमलशहाने १०३१ मध्ये उभारलेल्या विमलवसहीत आदिनाथांचे दर्शन घेऊन मंडळी वस्तुपाल-तेजपाल या मंत्रिबंधूंच्या १२३० मधील लूणवसहीत आली. येथे नेमिनाथ विराजमान आहेत. नवचौकीत दरवाजाच्या दोन बाजूंना संगमरवराचे दोन नाजूक गोखले आहेत, ते देराणी-जेठाणीचे गोखले म्हणून ओळखले जातात. वाटाड्याने नेहमीची कथा सांगितली : दोन्ही जावांनी चढाओढीने ते घडवले, एकीचा गोखला दुसरीहून कमी नको म्हणून.

इतिहास शिकणारा एक नातू म्हणाला, “शिलालेख निराळेच सांगतात. दोन्ही गोखले एकट्या तेजपालाने आपली पत्नी सुहडादेवी हिच्या श्रेयार्थ करवले आहेत.”

“मग हे भांडण कोणी लावले?” मोठ्या काकींनी विचारले.

“लोकांनी, आजी.”

मोठ्या काकी बराच वेळ त्या दोन गोखल्यांकडे पाहत राहिल्या. मग वळून धाकटीला म्हणाल्या, “वाटणीच्या वेळी तुझ्या माहेराविषयी मी वाईट बोलले, असे तुला कोणी सांगितले होते?”

धाकट्या काकी आठवू लागल्या. चौदा वर्षे जपलेल्या त्या वाक्याचा सांगणारा त्यांना आठवेना. “आणि तुम्हांला माझ्याविषयी?” त्यांनी विचारले. मोठ्यांनाही नाव सांगता आले नाही. दोघींचे डोळे भरून आले. “मिच्छा मि दुक्कडम्” कोण आधी म्हणाले, हे जवळ उभ्या सुनांनाही नीट कळले नाही.

घरी परतल्यावर सारे प्रश्न सुटले, असे नाही. गोदामाच्या सामाईक भिंतीचा वाद अजून वकिलाकडे आहे. परंतु आता त्याविषयी जे बोलायचे ते दोघी समोरासमोर बोलतात. व्यापारी माणूस दुसऱ्याच्या तोंडी सांगण्यावर वहीत रक्कम नावे टाकत नाही, पावती मागतो. नात्यांच्या खात्यावर मात्र आपण किती नोंदी पावतीवाचून करतो आणि वर्षानुवर्षे त्यांवर व्याज चढवत राहतो! यंदाची संवत्सरी येण्यापूर्वी प्रत्येक घराने ती वही एकदा उघडून पाहावी.