समृद्धीवरची जीप (लेखांक दुसरा)

शुक्रवार, छत्रपती संभाजीनगर

इगतपुरीला समृद्धीवर चढलो आणि अर्ध्या तासात भाचा गप्प झाला. रुसला नव्हता, ओरडून दमला होता. जीप जुनी, डिझेलची. वर पत्र्याचं हार्डटॉप, खाली मोठ्या बटणांचे एमटी टायर. कोकणातल्या चिखलवाटांवर तिच्याबद्दल तक्रारीला जागा नाही. पण समृद्धी पडला काँक्रीटचा, त्यावर घसरू नये म्हणून पाडलेल्या बारीक खाचा. ऐंशीचा वेग पकडला की टायरच्या बटणांमध्ये सापडलेली हवा दाबली जाते, सुटते, आणि एकच लांबलचक भोंगा सुरू होतो. त्यात छताच्या पत्र्याची घरघर. मोबाईलवरचं आवाजाचं मीटर ८४ डेसिबल दाखवत होतं. ते काही प्रयोगशाळेतलं यंत्र नव्हे, पण आधी आणि नंतरचा फरक कळायला पुरतं.

भाच्याच्या पायाखालून सायलेन्सरचा पाइप जातो. त्याने चप्पल काढून तळवा टेकवला आणि लगेच वर घेतला. एप्रिलची दुपार, विदर्भ अजून पुढेच आहे.

शनिवार, जालना

कुशनवाल्याचं दुकान शोधलं. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली आणि निकाल दिला, "साहेब, आख्खी गाडी आतून लपेटून देतो. टेन्शनच नाही."

"सगळी नको. छताचा आणि दारांचा मधला भाग तेवढा करा."

"अन् बाकीचा?"

बाकीचा राहू दे, म्हटलं. त्याला ते पटलं नाही. शीट विकणाऱ्याला पटायचं कारणही नाही. पण बुटाइलची शीट आवाज अडवत नाही, ती पत्र्याचं थरथरणं मारते. एका अंगाला चिकट रबर, दुसऱ्या अंगाला अॅल्युमिनियमचा पातळ पापुद्रा. पत्रा वाकायला लागला की मधलं रबर ताणलं जातं आणि थरथरण्यातली ताकद तिथेच जिरते. डफावर तळवा ठेवला की नाद आवळतो, तसंच. त्यासाठी सगळा डफ झाकावा लागत नाही. स्वस्तातली डांबरी शीट त्याने पुढे केली, ती मी परत केली. छताला लावलेली डांबरी शीट उन्हाळ्यात वास मारते आणि पुढेमागे डोक्यावर लोंबते.

काम मात्र त्याने देखणं केलं. पत्रा थिनरने पुसला, शीट उन्हात ठेवून मऊ केली, चिकटवली आणि लोखंडी रोलर असा फिरवला की पापुद्र्यावरची नक्षी सपाट झाली. खाली हवेचा फुगा राहिला तर शीट नुसतं ओझं होते. काम आटोपल्यावर बोटाच्या पेराने छत वाजवलं. सकाळी "ढण्ण" म्हणणारा पत्रा आता "ठक्" म्हणून थांबला. दारांच्या तळाची पाणी जायची भोकं उघडी ठेवायला मी दोनदा बजावलं. ती बुजली की पावसाळ्यात दार आतून कुजतं.

रात्री लॉजच्या मागे दिवे नव्हते, ते पथ्यावर पडलं. भाचा आत बसला, मी बोनेट उघडून मोठी बॅटरी फायरवॉलवर फिरवू लागलो. "मामा, थांब! इथे दिसतंय." क्लचच्या केबलपाशी चंद्रकोर. वायरिंगच्या जुडग्याभोवती कडं. कधीकाळी काढून टाकलेल्या कसल्याशा पाइपाचं, रुपयाच्या नाण्याएवढं, सताड उघडं भोक. जिथून उजेड येतो तिथूनच इंजिनाचा आवाज येतो आणि गरम वाफही. पत्रा कितीही जाड असो, त्याच्या क्षेत्रफळाच्या एक टक्का जरी उघडं राहिलं तरी आवाज २० डेसिबलपेक्षा जास्त अडत नाही. हे गणित कुठल्याही शीटच्या जाहिरातीत नसतं, कारण भोक बुजवायला रोल खपत नाहीत. लागतात थोडे रबरी ग्रोमेट आणि बुटाइलची पट्टी. उजाडताच ते उरकलं, गिअरच्या दांड्याचं फाटलेलं रबरी बूटही बदललं.

रविवार, लोणार

विवर पाहिलं. त्यावर पुष्कळ लिहून झालंय, मी भर घालत नाही.

सोमवार, नागपूर

उष्म्याचा खरा मुकाबला इथे. आवाज आणि ऊन हे दोन वेगळे शत्रू. आवाज अडवायला वजन लागतं, ऊन अडवायला पोकळी, आणि एकाच शीटवर दोन्हींचा भरवसा ठेवणारा दोन्हीकडून फसतो. वर्कशॉपमधल्या मिस्त्रींना अॅल्युमिनियमचा पत्रा दाखवून सांगितलं, सायलेन्सर आणि तळ यांच्या मधे हा बसवायचा.

"चिपकवून देऊ का, भाऊ?"

"नको, तळापासून बोटभर फट ठेवा."

"मंग खडखड करन ना तो."

"वायसरखाली रबर घाला."

अॅल्युमिनियमची चकाकी पाइपाची धग परत फेकते, पण दोन्ही अंगांना हवा मोकळी असेल तरच. तळाला चिकटून बसला की तोच पत्रा धग आत पोचवतो. मिस्त्रींनी मान डोलावली, आणि फट बोटभर नाही, चांगली दोन बोटं ठेवली.

बोनेटच्या मागच्या काठाची रबरी पट्टीही नवी टाकली. काचेखालच्या जाळीतून ताजी हवा आत येते; ती पट्टी झिजली की इंजिनाची गरम हवा त्याच वाटेने घुसते आणि लोक एसीवाल्याला शिव्या देतात.

छतासाठी कॅरियरवर पांढरा रंगवलेला प्लायवूड बांधला, छतापासून वीतभर वर. ही अक्कल माझी नाही. जुन्या लँड रोव्हरना उष्ण देशांसाठी असं दुहेरी छत मिळायचं: वरचा पत्रा ऊन खातो, मधली वाहती हवा ते घेऊन जाते. प्लायवूडची पुढची कड वाऱ्यात शिटी मारायची, तिला उभा चिरलेला रबरी पाइप चढवला. तळव्याने छत चाचपलं. कोमट. बाहेर पारा ४३ होता.

मंगळवार, मोहर्ली

ताडोबाला मंगळवारी सुट्टी, हे ठाऊक असूनच निघालो. गाडी नीट ऐकायला रिकामा दिवस हवा होता. ऐंशीला मीटर ८१ म्हणतं. भाचा हिरमुसला, "एवढ्या खटाटोपाचे तीनच?" तीन डेसिबल म्हणजे आवाजाची ताकद निम्मी, हे त्याला सांगितलं. शिवाय मोबाईलचं मीटर सहसा कानाच्या कलाने मोजतं आणि खर्जातली घरघर जवळपास सोडून देतं. डोकं दुखतं ते त्या घरघरीनेच, आणि ती गेली. नागपूर ते इथपर्यंत आम्ही न ओरडता भांडलो.

राहिला टायरचा भोंगा. त्यावर शीट नाही, फोम नाही, काही नाही. तो टायरबरोबरच जाईल. भाच्याने एटी टायरच्या किमती शोधून ठेवल्यात. बटणं मात्र अजून निम्म्याहून जास्त शिल्लक आहेत आणि जूनमध्ये आंबोलीकडच्या लाल चिखलात जायचं आहे. एमटी दिवाळीपर्यंत राहतील. सफारीला आपली गाडी आत सोडत नाहीत, तेव्हा उद्या जीप फाटकाबाहेर आणि आम्ही दुसऱ्याच्या उघड्या जिप्सीत.