डुमसच्या वाऱ्यात मांडव

नणंदेच्या मुलीच्या लग्नाचा बस्ता बांधायला आम्ही मार्चअखेर निपाणीहून सुरतेला गेलो. रिंग रोडच्या बाजारात दोन दिवस साड्या पाहून डोळे शिणले, तेव्हा उधन्याचे माझे मामा म्हणाले, ‘‘चला, उद्या डुमसला जाऊ.’’

डुमस शहरापासून वीसेक किलोमीटरवर. वाळू काळसर, आणि ओहोटीला समुद्र इतका मागे सरतो की पाणी शोधावं लागतं. त्या उघड्या सपाटीवरून दुपारी वारा सुटला की त्याला अडवायला काही नाही. अव्वांना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, ऊन सोसत नाही म्हणून मामांनी घडीचा मांडव आणला होता. चार पाय, वर कापड, चार खुंट्या. पाच मिनिटांत उभा! सगळे खूश.

तीनच्या सुमारास अव्वा ओरडल्या, ‘‘गाळी बंतु, गाळी!’’ वारा आला म्हणेपर्यंत खुंट्या उपसल्या आणि मांडव पतंगासारखा उचलला गेला. एक पाय अव्वांच्या कानाजवळून गेला. तो दोन बोटं अलीकडून आला असता तर काय, हे आठवलं की अजून अंगावर काटा येतो.

जवळच भजी तळणारी बाई धावत आली. बोलणं अहिराणी. उधना-लिंबायत भागात खानदेशातून आलेली किती घरं आहेत! ‘‘वाळूमा खुटी नही टिकस, भाऊ,’’ ती मामांना म्हणाली आणि आपली ताडपत्री दाखवली. खुंटी एकही नाही. खताच्या गोणीत ओली वाळू भरायची, मधोमध दोरी बांधायची, गुडघाभर खड्ड्यात गोणी पुरून वर पाय देऊन दाबायची. दोरी सरळ वर नाही, तिरकी बाहेर ताणायची. वाऱ्याकडची बाजू बुटकी, मागची मोकळी, म्हणजे आत शिरलेला वारा कोंडत नाही. गाठ मात्र एका हिसक्यात सुटणारी हवी, कारण वारा फारच चढला तर कापड आधी उतरवायचं. नुसते पाय उभे राहिले तर राहू देत. आपण नेमकं उलटं करतो, चौघं मिळून पाय धरून बसतो.

मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर आदळलं, तेव्हा तिनं आदल्याच दिवशी सगळं उतरवून घरी नेलं होतं. ‘‘तवा, कढई, ताडपत्री, एवढंच तर आहे,’’ असं काहीसं ती म्हणाली.

अव्वांना अहिराणी येत नाही, तिला कन्नड येत नाही. दोरीला हग्ग म्हणतात हे अव्वांनी तिला शिकवलं, आणि टोमॅटोची भजी खात दोघी बराच वेळ हातवाऱ्यांनी बोलत बसल्या.

निघताना मामांनी तिच्याकडून चार रिकाम्या गोण्या मागून घेतल्या. मांडव पुन्हा लावला, चांगला घट्ट. अव्वा मात्र गाडीत बसेपर्यंत त्याच्याखाली काही गेल्या नाहीत.