दोन वर्षांपर्यंतचे शहाणपण

नाताळच्या सुटीत लातूरला एका परिचित कुटुंबाकडे आमचा मुक्काम होता. रात्री जेवणे उरकल्यावर घरातल्या बालगोपाळांनी हट्टाने आम्हांला एका इंग्रजी चित्रपटासमोर बसविले. 'बेबी जीनियसेस' हे त्याचे नाव. बॉब क्लार्क दिग्दर्शित हा विज्ञानविनोदी चित्रपट १९९९ साली आला, तेव्हा समीक्षकांनी त्याला झोडपून काढले. २००४ मध्ये निघालेल्या दुसऱ्या भागाचीही तीच गत झाली.

समीक्षकांचे म्हणणे आम्हांला पटले. संगणकाच्या करामतीने तान्ह्या मुलांचे ओठ हलविलेले आणि त्यांच्या तोंडी मोठ्यांची टवाळी घातलेली! हसू येण्याऐवजी अंगावर काटा येतो. कथेतील कल्पना मात्र मनात रुतून बसली. दोन वर्षांपर्यंतच्या बालकांना म्हणे विश्वाचे सारे ज्ञान असते, त्यांची आपापसांत भाषा असते. मात्र ते वय ओलांडले की ती सगळे विसरतात. एक धनवान बाई त्या भाषेचा उलगडा करण्यासाठी प्रयोगशाळेत बालके वाढविते. जुळ्या भावांपैकी एक तिच्या प्रयोगशाळेत, तर दुसरा एका साध्या घरात वाढतो.

ही निव्वळ थाप आहे, असे म्हणावे तर तसेही नाही. १९८४ साली कॅनडात जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस या संशोधकांनी इंग्रजी बोलणाऱ्या घरांतील बालकांना हिंदीतील 'त' आणि 'ट' ऐकविले. सहा-आठ महिन्यांच्या बाळांना दोहोंतील फरक सहज कळला. वर्षाच्या उंबरठ्यावरील बाळांना तो कळेनासा झाला होता. जी भाषा घरात बोलली जाते तिच्यासाठी कान तयार होतो आणि परक्या भाषेतील भेद मागे पडतात. नांदेडला असताना एकाच गल्लीत मराठी, तेलुगू, दखनी आणि पंजाबी ऐकणारी लेकरे आम्ही पाहिली आहेत. त्यांचे कान किती श्रीमंत असतील! बाळ काही गमावते ते आपल्या माणसांचे होण्यासाठी.

चित्रपट संपला. मागे खुर्चीवर घरातला भाचा बसला होता. वय सतरा, नांदेडहून 'नीट'च्या तयारीसाठी आलेला. पहाटे उठून उद्योग भवन परिसरातील शिकवणी वर्गांना जावे, रात्री सराव परीक्षा सोडवाव्यात, हा त्याचा दिनक्रम. एके काळी बारावीच्या गुणवत्ता यादीमुळे 'लातूर पॅटर्न' गाजला. ती यादी केव्हाच बंद झाली, धावणे मात्र चालूच आहे. तो हसत म्हणाला, "फादर, त्या बाळांचं बरं आहे. दोन वर्षांनी सगळं विसरायची मुभा!"

आम्ही हसलो नाही. कारण पंधरा वर्षांपूर्वी नांदेडला, एका स्नेहसंमेलनात, याच मुलाला आम्ही मंचावर उभे केले होते. वय अवघे अडीच वर्षे. राज्यांच्या राजधान्या त्याला तोंडपाठ होत्या आणि आम्हांला त्याचे केवढे कौतुक! चार-पाच नावे सांगून तो अडखळला. लोक हसले. आम्ही त्याच्या पाठीवर हात ठेवून "अजून सांग, अजून" म्हणत राहिलो. तो हुंदके देत खाली बसला आणि आई खालमानेने त्याला उचलून घेऊन गेली. त्या बाईंच्या प्रयोगशाळेत आणि आमच्या मंचावर त्या दिवशी फारसा फरक नव्हता. तान्ह्या ओठांतून मोठ्यांना हवे ते वदवून घेण्याचा उद्योग आम्हीही केलाच होता.

प्रभू येशूने बालकाला मध्यभागी उभे केले, हे आम्ही कितीदा तरी प्रवचनात सांगितले आहे. पण प्रभूने त्याला काही म्हणून दाखवायला सांगितले नव्हते, हे त्या रात्री प्रथमच आमच्या ध्यानात आले.

आम्ही त्या मुलाजवळ तो प्रसंग काढून क्षमा मागितली. तो गोंधळून म्हणाला, "मला काहीच आठवत नाही, फादर."

त्याची आईही सुटीसाठी आली होती. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने मान वळविली. तिला आठवत होते.

थोड्या वेळाने तिने मुलासमोर दुधाचा पेला ठेवला आणि म्हणाली, "आज पुस्तक नको. झोप आता."